सोर्स वेगळा, बिल्ड वेगळा: काही महिने वापरल्यानंतर

आमच्या सी प्लस प्लस प्रोजेक्टमध्ये गेले काही महिने बिल्डच्या फाइली (कोडपासून प्रोग्राम बनवताना आपोआप तयार होणाऱ्या) सोर्सपासून, म्हणजे हाताने लिहिलेल्या कोडपासून, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतोय, सीमेक (बिल्डची तयारी करणारं टूल) आणि गिट (कोडमधले बदल नोंदवणारं टूल) वापरून, आणि आता जुन्या पद्धतीकडे परत जायची अजिबात इच्छा नाही. सगळ्यात मोठा फरक पडला तो रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना. आधी दोन ओळींचा बदल असला तरी डिफमध्ये (बदलांच्या यादीत) मेकफाइल, सीमेककॅश (सीमेकने साठवलेली सेटिंग्ज), ऑब्जेक्ट फाइली असं सगळं लटांबर यायचं, आणि दोघांनी आपापल्या मशीनवर बिल्ड केलं की कॉन्फ्लिक्ट (दोघांच्या बदलांची टक्कर) ठरलेलाच, कारण सीमेककॅशमध्ये फोल्डरचा अख्खा पाथ लिहिलेला असतो, माझा पाथ दुसऱ्याच्या मशीनवर काय कामाचा?

सेटअप अगदी छोटा आहे. सीमेक 3.13 पासून मायनस एस देऊन सोर्स आणि मायनस बी देऊन बिल्ड फोल्डर सांगता येतो, आणि गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) 'स्लॅश बिल्ड स्लॅश' एवढी एक ओळ. सुरुवातीचा स्लॅश विसरू नका हं, नाहीतर आत कुठेही बिल्ड नावाचा फोल्डर असला, अगदी हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टचा, तरी त्यातल्या नव्या फाइली गिटला दिसतच नाहीत.

जुना प्रोजेक्ट असेल तर थोडा ताप आहे. आधीच कमिट झालेल्या (गिटमध्ये नोंदवलेल्या) फाइलींना गिटइग्नोर लागू होत नाही, 'गिट आरएम' ला कॅश्ड ऑप्शन देऊन त्या काढाव्या लागतात, आणि टीममधल्या बाकीच्यांनी पुल केलं (नवे बदल आपल्याकडे आणले) की त्यांच्याकडच्या त्या फाइली डिस्कवरून उडतात, म्हणून आधी सांगून ठेवा. रेपोचा (गिटमधल्या अख्ख्या प्रोजेक्टचा) साइजही याने कमी होत नाही, हिस्ट्रीत सगळं तसंच राहतं. अजून एक, सोर्समध्ये जुनी सीमेककॅश राहिली तर बिल्ड फोल्डरमधून 'सीमेक डॉट डॉट' (डॉट डॉट म्हणजे वरचा फोल्डर) चालवलं तरी सीमेक सोर्सलाच बिल्ड फोल्डर समजतो आणि सगळा पसारा परत तिथेच. ती आधी डिलीट करा.

जनरेट झालेलं सगळंच बाहेर काढायचं असंही नाही. पॅकेज लॉक फाइल (बाहेरून घेतलेल्या लायब्ररींच्या नेमक्या व्हर्जनची यादी) टूल बनवतं पण ती कमिट करायचीच, सगळ्यांकडे त्याच व्हर्जन इन्स्टॉल होतात. बायसन नावाच्या टूलमधून निघालेला पार्सर (मजकूर नियमांप्रमाणे वाचणारा कोड) मात्र आम्ही ठेवत नाही, तो ज्यातून परत बनवता येतो ती ग्रामर फाइल आहे ना.

साफसफाईला 'गिट क्लीन' मस्त आहे, कॅपिटल एक्स दिला की फक्त इग्नोर केलेलं उडतं, पण पासवर्डवाली एन्व्ह फाइलही (प्रोग्रामची खासगी सेटिंग्ज असलेली) इग्नोरमध्येच असते, त्यामुळे आधी मायनस एन लावून (काही न उडवता) काय उडेल त्याची यादी बघा.