आठ दिवसांत उजळलेला चेहरा

लेबल नसलेल्या पांढऱ्या डबीतलं क्रीम तुम्हाला कुणी ‘आमच्याकडेच बनवतो’ म्हणून दिलं असेल, तर ती डबी घेऊन आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. हे नंतर वाचलंत तरी चालेल.

माझं वय ३९. डोंबिवलीला राहते, नोकरी फोर्टात. गेल्या गणपतीत भाचीने काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा मला पहिल्यांदा दिसल्या, गालावर दोन फिकट डागही. या वयात ते व्हायचंच, हे कळत होतं. तरी मनाला लागलं. दिवाळीच्या खरेदीला दादरला गेले, तेव्हा एका स्किन सेंटरच्या दारात ‘मोफत त्वचा तपासणी’ असा फलक दिसला. पाच मिनिटांचं काम म्हणून आत गेले.

काउंटरवरची मुलगी मराठीच होती. मी डोंबिवलीची म्हटल्यावर तिने ‘मॅडम’ सोडून ‘ताई’ सुरू केलं. एका यंत्रात चेहरा ठेवायला सांगितला, आत निळसर प्रकाश लागला आणि पडद्यावर माझाच चेहरा आला. काळपट ठिपक्यांनी भरलेला. खाली आकडा होता: त्वचेचं वय ४८. ती हळू आवाजात म्हणाली, “ताई, आत्ता हातात आहे. वर्षभराने कुणीच काही करू शकणार नाही.”

त्या यंत्राबद्दल पुढे जे कळलं ते आधी सांगते, कारण सगळी फसवणूक त्यावरच उभी आहे. अतिनील प्रकाशात त्वचेतलं रंगद्रव्य नुसत्या डोळ्यांना दिसतं त्याहून कितीतरी गडद दिसतं. उन्हात वावरलेल्या कुणाचाही चेहरा त्यात डागाळलेलाच दिसणार. डॉक्टरही असा प्रकाश वापरतात, पण निदानासाठी, घाबरवायला नाही. माझी २३ वर्षांची भाची नंतर मुद्दाम तिथे जाऊन आली. तिच्या त्वचेचं वय निघालं ३६.

पॅकेज ६४ हजारांचं, ‘फक्त आजच्यासाठी’ ४८ हजार. एवढे पैसे नाहीत म्हटल्यावर ती म्हणाली, “आत्ता काहीच भरू नका, नुसतं नाव नोंदवू. ओटीपी येईल तेवढा सांगा.” मी सांगितला. पॅन आणि आधारचे फोटोही दिले. त्या ओटीपीवर माझ्या नावाने ४८ हजारांचं कर्ज मंजूर झालं आणि पैसे थेट सेंटरला गेले. मला कळलं ते पुढच्या महिन्यात, खात्यातून चार हजार वळते झाले तेव्हा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्ज देताना व्याज आणि अटींचं पत्रक आधी द्यावं लागतं आणि कर्जातून बाहेर पडण्यासाठी ठरावीक मुदत द्यावी लागते. पत्रक ईमेलवर आलेलं होतं, मी उघडलंच नव्हतं. मुदत टळून गेली होती.

पैशांचं दुःख आहेच, पण मी लिहायला बसले ती चेहऱ्यासाठी.

पांढरा कोट घातलेल्या एका बाईंनी ‘पील’ केलं, म्हणजे त्वचेचा वरचा थर काढणारं रसायन लावलं, आणि रात्री लावायला ती डबी दिली. आठव्या दिवशी त्वचा तुकतुकीत, डाग पुसट, रंग उजळ. ऑफिसात दोघीतिघींनी विचारलं. मी आनंदाने पत्ता दिला. त्यातल्या एकीने तिथे पैसेही भरले, याची बोच मला अजून आहे.

तिसऱ्या महिन्यात डबी संपली आणि चार दिवसांत चेहरा पेटला. लालबुंद, आग आग, हनुवटीवर पुळ्या. लोकलच्या खिडकीतून येणारं सकाळचं ऊनही सोसवेना. सेंटरवाल्यांनी सांगितलं, “विषारी द्रव्यं बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे,” आणि २,२०० रुपयांना दुसरी डबी दिली. ती लावताच आग शमली. मी पुन्हा विश्वास ठेवला. गालावर लाल धाग्यांसारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागल्या, तेव्हा धाकट्या जावेने मला ओढून पालिकेच्या रुग्णालयात नेलं.

त्वचाविभागातल्या डॉक्टरांनी चेहरा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “क्रीमची डबी आणली आहे का?” डबीत नेमकं काय ते प्रयोगशाळाच सांगेल, पण चेहरा स्टिरॉइडचाच दिसतो, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून त्वचा आधी उजळ वाटते. लाली दबते, आणि लावणं थांबवलं की उसळून वर येते. जास्त दिवस लावलं तर त्वचेला घट्ट ठेवणारं कोलॅजन हे प्रथिन तयार होणंच मंदावतं आणि ती पातळ होते. म्हणजे सुरकुत्या लांबणीवर टाकायला घेतलेलं क्रीम माझ्या त्वचेचा आधारच काढून घेत होतं. असे रुग्ण आपल्याकडे इतके येतात की त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळं नावच दिलं आहे. २०१८ साली सरकारने अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. बिनलेबलच्या डबीला मात्र ना चिठ्ठी लागते, ना पावती.

अशा डबीत पारा असेल तर आणखी वाईट. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला आपल्याकडे परवानगी नाही. काही वर्षांपूर्वी अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या किडनीला इजा झाली. पार्लरमधून घेतलेलं क्रीम मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासलं, तर त्यात पारा निघाला होता.

मी डॉक्टरांना विचारलं, मग त्या रेषांचं करायचं काय? मी भरलेल्या पैशांपुढे त्यांचं उत्तर फारच साधं होतं. चेहऱ्यावर अकाली दिसणाऱ्या बदलांत सगळ्यात मोठा हात उन्हाचा. त्यातले यूव्हीए किरण ढगांतून येतात, काचेतूनही येतात, म्हणून पावसाळ्यातही सनस्क्रीन हवं. एसपीएफ निदान ३०, आणि चेहरा-मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं. नखभर लावून काही होत नाही. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. सोबत साधं मॉइश्चरायझर, पुरेशी झोप, तंबाखू-सिगारेट नाही. रेषांसाठी ट्रेटिनॉइनसारखं औषध असतं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गरोदरपणात अजिबात नाही, आणि फरक दिसायला तीन ते सहा महिने जातात. माझ्या चेहऱ्याला तेही इतक्यात देता येणार नव्हतं. आधी तो शांत व्हायला हवा होता.

आठ दिवस आणि सहा महिने. हा फरक मला ऑक्टोबरात कुणी सांगायला हवा होता.

पांढऱ्या कोटातल्या बाई डॉक्टर नव्हत्याच. आडनाव आणि नोंदणी क्रमांक विचारला असता तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता आलं असतं. त्वचारोगतज्ज्ञाकडे एमबीबीएसनंतर त्वचेतली एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा असतो. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ एवढीच पाटी असेल तर पदवी विचारा, त्यात संकोच नको. डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत नसेल, तर ती हातातही घेऊ नका.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला. सेंटरने अजून एक रुपयाही परत केलेला नाही. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, बिघडू नये म्हणून हप्ते भरते आहे. गालावरची लाली बरीच उतरली, रक्तवाहिन्या अजून दिसतात. ऑफिसातल्या त्या मैत्रिणीलाही मी डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिने क्रीम तीनच आठवडे लावलं होतं, ती लवकर सावरली. दुसरी डबी अर्धी भरलेली आहे. झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर तारीख लिहून ती मी पुरावा म्हणून कपाटात ठेवली आहे.