पुट्टीखाली झाकलेला मृत सांगाडा : प्रवाळ विक्रीतील एका फसवणुकीचा अनुभव

घरच्या सागरी टाकीत ॲक्रोपोरा, सेरिॲटोपोरा, स्टायलोफोरा असे बारीक फांद्यांचे कठीण प्रवाळ सांभाळणाऱ्यांना ‘आरटीएन’ (रॅपिड टिश्यू नेक्रोसिस, म्हणजे झपाट्याने होणारा ऊतीनाश) ही अक्षरे नव्याने समजावून सांगावी लागत नाहीत. प्रवाळाच्या जिवंत ऊती झपाट्याने मरून सांगाड्यावरून सुटू लागतात, बहुधा बुडापासून सुरुवात होते, आणि काही तासांत किंवा एखाद्या रात्रीत सबंध वसाहत (पॉलिप नावाच्या असंख्य बारीक जीवांनी मिळून बनलेला प्रवाळ) पांढरीफटक होऊन जाते. हीच क्रिया संथपणे, आठवडेच्या आठवडे चालत राहिली, तर तिला ‘एसटीएन’ (स्लो टिश्यू नेक्रोसिस) म्हणतात. या ऊतीनाशाचे एकच ठरलेले कारण दाखवता येत नाही. माझ्या फसवणुकीचा सगळा डाव याच गोष्टीवर उभा होता, म्हणून तो तपशिलाने मांडत आहे.

विक्रेत्याने ॲक्रोपोराची एक वसाहत ‘स्वतःच्या टाकीत वर्षानुवर्षे वाढवलेली’ अशी जाहिरात करून विकायला काढली होती. या शब्दांना या छंदात फार मोल आहे आणि ते योग्यच आहे. समुद्रातून काढलेला प्रवाळ पाणबुड्याकडून साठवणीच्या हौदात, तेथून निर्यातदाराकडे, मग आयातदाराकडे आणि शेवटी दुकानात असा फिरतो; प्रत्येक टप्प्यावर त्याला वेगळे पाणी, वेगळा प्रकाश आणि प्रवासातला अंधार सोसावा लागतो. टाकीतच वाढलेला तुकडा मात्र कृत्रिम मिठाच्या पाण्याला आणि दिव्यांना आधीच सरावलेला असतो, त्यामुळे तो तगण्याची शक्यता जास्त असते आणि त्यासाठी लोक आनंदाने जास्त पैसे मोजतात. सर्व कठीण प्रवाळ ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे देशांच्या सीमा ओलांडताना परवान्यावर प्रवाळाचा उगम, म्हणजे तो समुद्रातला आहे की पैदास केलेला, हे नोंदवावे लागते. पण पुढे वसाहतीचे तुकडे पडून ते हातोहात विकले जाऊ लागले की हा कागद शेवटच्या खरेदीदारापर्यंत सहसा पोहोचत नाही. मी उगमाबद्दल विचारले तेव्हा ‘घरीच वाढवलेल्या प्रवाळाला कसला कागद’ असे उत्तर मिळाले, आणि वरवर पाहता त्यात वावगे काही नव्हते.

जाहिरातीतली सर्व छायाचित्रे गडद निळ्या प्रकाशातली होती. निळ्या प्रकाशात ऊतींमधली चमकणारी रंगद्रव्ये उजळून निघतात, पण त्याच प्रकाशात उघडा पडलेला पांढरा सांगाडाही निळाच दिसतो आणि नजरेतून सुटतो. म्हणून मी पांढऱ्या प्रकाशातले छायाचित्र मागितले. ते आले, पण वरून काढलेले होते. बूड त्यात दिसतच नव्हते. बाजूने काढलेले छायाचित्र पुन्हा मागितल्यावर वसाहतीच्या तळाशी जांभळट रंगाच्या इपॉक्सी पुट्टीचा जाड, नीटस थर दिसला. प्रवाळ खडकावर बसवताना ही पुट्टी आपण सगळेच वापरतो आणि खडकावरच्या गुलाबी-जांभळ्या कोरलाइन शेवाळाशी मिसळून जावा असाच तिचा रंग असतो. ‘वसाहत जड आहे, नीट उभी राहावी म्हणून लावली आहे,’ हे त्याचे स्पष्टीकरण त्यामुळे खटकण्यासारखे नव्हते.

पार्सल आले तेव्हा प्रवाळाचा रंग चांगला होता. पिशवीतल्या पाण्याचे तापमान जुळवून, डिप देऊन, म्हणजे जंतुनाशक द्रावणात थोडा वेळ बुडवून, वसाहत विलगीकरणाच्या टाकीत ठेवली. खारटपणा हजारी 35, तापमान 25 ते 26 अंश सेल्सियस, आणि क्षारता विक्रेत्यानेच आपल्या टाकीची म्हणून सांगितलेली, 8 डीकेएच (क्षारता मोजण्याचे एकक). या सगळ्याच्या नोंदी आणि चाचण्यांची छायाचित्रे माझ्याकडे होती. दुसऱ्या सकाळी पुट्टीच्या अगदी वर पांढरा पट्टा दिसला. ऊती, ओल धरलेल्या भिंतीवरचा रंग पोपडे होऊन सुटावा तशा, पाण्याच्या प्रवाहात फडफडत निघत होत्या. संध्याकाळपर्यंत खोड उघडे पडले होते आणि फांद्यांची फक्त टोके रंगीत उरली होती.

पांढरे पडणे दोन प्रकारचे असते, आणि पुढचा सगळा वाद या फरकावरच चालला, म्हणून तो येथेच सांगतो. विरंजनात, म्हणजे ब्लीचिंगमध्ये, ऊतींत राहणारी झूझँथेली शेवाळे निघून जातात. ऊती काचेसारख्या पारदर्शक होऊन आतला पांढरा सांगाडा दिसतो, पण ऊती जिवंत असतात आणि परिस्थिती सुधारली तर प्रवाळ सावरूही शकतो. आरटीएनमध्ये ऊतीच नाहीशी होते. बोटाने हलके चाचपले तर बुळबुळीतपणा लागत नाही, कोरडा खरखरीत दगड लागतो, आणि थोड्याच दिवसांत त्यावर शेवाळ चढते. मेलेली ऊती परत सावरत नाही.

उपाय म्हणून मी रोगरेषेच्या, म्हणजे मेलेल्या आणि जिवंत ऊतींमधल्या सीमेच्या, बऱ्याच वर, निरोगी भागात छेद घेऊन टोके कापली, त्यांना आयोडिनचा डिप दिला आणि ती वेगळ्या पाण्यात ठेवली. त्यातली काही वाचली. खात्रीचे असे औषध या रोगावर नाही. वाचतील तेवढे तुकडे वेगळे काढणे आणि पाणी स्थिर ठेवणे, एवढेच हातात असते.

विक्रेत्याची हमी ‘जिवंत पोहोचेल’ एवढीच होती, आणि मृत प्रवाळाचे छायाचित्र पार्सल उघडल्यापासून दोन तासांत पाठवणे आवश्यक होते. ही अट या व्यवसायात सर्रास दिसते आणि प्रामाणिक विक्रेतेही ती ठेवतात, परंतु प्रवासाच्या ताणाने होणारा ऊतीनाश बहुतेक वेळा दोन तासांनंतरच उघड होतो. मी कळवल्यावर आधी हमी संपल्याचे उत्तर आले. मग दोष माझ्या क्षारतेला लागला. मी नोंदी पाठवल्या, तेव्हा फॉस्फेट फार कमी असेल असे सांगण्यात आले. तेही मोजून पाठवले, तेव्हा प्रकाश जास्त झाला असेल, आणि शेवटी ‘तुमच्या टाकीतच जिवाणू आहेत’ असे ऐकवण्यात आले.

यातले एकही कारण अशक्य नव्हते, आणि हीच खरी अडचण आहे. क्षारता, खारटपणा किंवा तापमान यांत एकाएकी झालेला बदल, फॉस्फेट जवळजवळ शून्य असताना वाढवलेली क्षारता, वाहतुकीतला ताण, यांतले काहीही ऊतीनाशाला निमित्त होऊ शकते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पोसिलोपोरा डॅमिकॉर्निस या प्रवाळाच्या आरटीएनशी व्हिब्रिओ हार्वेयी या जिवाणूचा संबंध दाखवला गेला. रोगरेषेवरचा द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर ऊती खाणारे रोमकयुक्त सूक्ष्मजीवही पुष्कळदा दिसतात, पण ते रोग सुरू करतात की मरणाऱ्या ऊतीवर मागाहून जमतात, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. कारणे इतकी असली की ज्याला जबाबदारी झटकायची असते त्याला नेहमीच एक कारण शिल्लक राहते, आणि ते खरेदीदाराच्या पाण्यातच सापडते.

यानंतर त्याने मला औषध देऊ केले. फ्लोरिडात शास्त्रज्ञ ज्या ऊतीनाशावर उपचार करत आहेत त्याचेच हे औषध असून ते सगळ्या टाकीत ओतायचे, असा त्याचा दावा होता. बाटलीच्या लेबलवर घटकांचा उल्लेख नव्हता. फ्लोरिडातला रोग खरा आहे आणि भयंकर आहे. 2014 साली तो मायामीजवळ प्रथम आढळला, तेथून कॅरिबियन समुद्रात पसरला आणि 20 हून अधिक जातींच्या कठीण प्रवाळांना त्याने ग्रासले. पण तेथे अमॉक्सिसिलिन एका खास लेपात मिसळून पाणबुडे ते प्रत्येक जखमेवर हाताने लावतात. त्याने ती जखम पुष्कळदा थांबते, नवी जखम होण्याचे टळत नाही. शिवाय त्या भागातल्या ॲक्रोपोरा जाती या रोगाला बळी पडणाऱ्यांत धरल्या जात नाहीत. म्हणजे ज्या रोगाचे नाव घेऊन बाटली विकली जात होती, त्याचा माझ्या वसाहतीशी संबंधच नव्हता. अज्ञात प्रतिजैविक सगळ्या टाकीत ओतले तर अमोनियाचे रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणूही मरू शकतात आणि उरलेले प्रवाळ व मासे धोक्यात येतात. आपला प्रवाळ डोळ्यांदेखत सुटत असताना माणूस काहीही ओतायला तयार होतो, आणि नेमक्या त्या क्षणी ही बाटली पुढे केली जाते. मला या सगळ्या प्रकारात याचाच सर्वाधिक संताप आला.

मी बाटली नाकारली आणि मृत खोड वाळवून पक्कडीने पुट्टी फोडली. आत सिमेंटच्या बैठकीचा तुटका तुकडा आणि त्याला बांधलेल्या तारेचा अवशेष होता. समुद्रातल्या प्रवाळशेतीत रोपे अशाच बैठकांवर बांधून वाढवतात. वसाहत घरच्या टाकीत वर्षानुवर्षे वाढलेली नव्हती, शेतातून आणून बैठक तोडलेली होती. त्याहून महत्त्वाचा होता तो पुट्टीखालचा सांगाडा. आदल्या दिवसांत मेलेल्या वरच्या भागावरच्या पॉलिपांच्या कपांच्या कडा धारदार आणि स्वच्छ होत्या. पुट्टीखाली मात्र त्या झिजलेल्या होत्या, त्यांवर कोरलाइन शेवाळाची पापडी होती आणि बारीक नळीकृमींची पांढरी वेटोळी थेट सांगाड्याला चिकटलेली होती. जिवंत ऊतीवर हे जीव बसत नाहीत, आणि पुट्टीखालच्या अंधारात शेवाळ वाढत नाही. याचा अर्थ, ऊती आधी गेली, उघड्या सांगाड्यावर पापडी चढण्याइतका काळ गेला आणि मग त्यावर पुट्टी चढवली गेली.

येथे एक सावधगिरी हवी. निरोगी प्रवाळाच्या सांगाड्याच्या आतही ऑस्ट्रिओबियम नावाचे हिरवे शेवाळ राहते, त्यामुळे नुसता हिरवा पट्टा हा पुरावा नव्हे. जे पृष्ठभागावर वाढले आहे तेच ग्राह्य धरावे. पुट्टीच्या वरच्या कडेखाली स्वच्छ पांढरी पट्टीही होती, पण ती ऊती पुट्टीखाली गुदमरूनही मेली असेल, म्हणून मी ती पुराव्यात धरली नाही. मोठ्या वसाहतींचे सावलीतले बूड पुष्कळदा मेलेले असते, हेही खरे आहे. परंतु ते सांगून विकता येते, आणि ‘घरी वाढवलेली’ या खोट्याला त्याने आधार मिळत नाही. एसटीएनची रेषा रोखण्यासाठी तिच्यावर पुट्टी किंवा सुपरग्लू लावणे हा हौशी लोकांचा जुना उपाय आहे. विक्रेत्याला तो माहीत नसेल असे मला वाटत नाही.

ही छायाचित्रे पाठवल्यावर त्याच्याकडून उत्तरे येणे थांबले. पैसे ज्या सेवेमार्फत दिले होते तिच्याकडे मी तक्रार केली आणि रक्कम परत मिळाली. तेथे पाण्याच्या चाचण्यांचा उपयोग झाला नाही, कारण त्यांवर वाद घालता येतो; जाहिरातीतले ‘घरी वाढवलेली’ हे शब्द आणि त्यांच्या शेजारी सिमेंटच्या तुकड्याचे छायाचित्र, एवढ्यावर निकाल लागला.

आता मी वसाहत पाण्याबाहेर उचलून, पांढऱ्या प्रकाशात, बूड फिरवून दाखवणारे चित्रीकरण मागतो आणि ते न देणाऱ्याकडून घेत नाही. लहान तुकडा असेल तर ऊती डिस्कवर, म्हणजे तुकडा चिकटवलेल्या चकतीवर, पसरून चढलेली आहे का, हे पाहावे; पसरायला आठवडे लागतात, त्यामुळे नुकताच कापून चिकटवलेला तुकडा सुपरग्लूच्या उघड्या कडेवरून लगेच ओळखू येतो. बुडाला पुट्टी असेल तर ती काढूनच पाठवायला सांगावे. शक्य असल्यास आगाऊ रक्कम देऊन प्रवाळ काही आठवडे विक्रेत्याकडेच ठेवावा आणि मधूनमधून त्याची छायाचित्रे घ्यावीत. एवढे करूनही ऊतीनाश झाला, तर मेलेला सांगाडा फेकू नये आणि ब्लीचमध्येही घालू नये, कारण त्याने पृष्ठभागावरचे सगळे धुऊन जाते. तो तसाच सावलीत वाळवावा, शेजारी मोजपट्टी ठेवून सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, आणि पुट्टी फोडताना ती कोठून कोठपर्यंत होती हे दिसेल असे चित्रीकरण सलग, न थांबवता करावे.