कॉर्नर बदलायचा, झोन खेळायचा की रश वाढवायचा?

१२ ऑक्टोबर २०२४च्या रात्री, अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसला लागून असलेल्या डब्लिनमधल्या एका बेसमेंटमध्ये आम्ही दहा-बारा मराठी माणसं कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा सामना बघून टीव्हीसमोर गप्प बसलो होतो. ओरेगन ३२, आमचा ओहायो स्टेट ३१. शेवटच्या सहा सेकंदांत आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, विल हॉवर्ड चेंडू घेऊन पळाला, घसरत खाली बसला आणि घड्याळ शून्यावर आलं. टाइमआउट मागायलाही क्षण उरला नाही.

शांतता मोडली ती यजमान काकांनी. "त्या दहा नंबरला आधी बाहेर बसवा." दहा नंबर म्हणजे आमचा कडेला पास अडवणारा कॉर्नरबॅक, थोडक्यात कॉर्नर, डेन्झेल बर्क. ओरेगनच्या इव्हान स्टुअर्टने त्या रात्री सात झेलांत १४९ यार्ड काढले होते आणि त्यातले बरेच बर्कच्या डोक्यावरून. पुण्याचा आमचा एक मित्र म्हणाला, कॉर्नर एकटा टाकला तर असंच होणार, झोन खेळा. त्यावर इथेच लहानाची मोठी झालेली वहिनी किचनमधून ओरडली, "अरे, ओरेगनच्या त्या क्वार्टरबॅकला उभ्या उभ्या चहा पिऊन होत होता! मागचे काय करणार?"

घरी येताना गाडीत भाच्याने विचारलं, "मामा, पुढच्या शनिवारी मी कुणाच्या बाजूने बोलू?" तो ओहायो स्टेटला एमएस करायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. गंमत म्हणजे पुढच्या शनिवारी सामनाच नव्हता, संघाला सुट्टी होती. त्यामुळे वाद पूर्ण दोन आठवडे शिजला. तेव्हा मी त्याला दिलेलं उत्तर अर्धवट होतं. जानेवारीनंतर ते पुरं करता आलं, म्हणून इथे लिहितोय. तुम्हीही एखाद्या कॉलेजच्या संघाच्या नादी नुकतेच लागला असाल, तर हरल्यावर कुणाची बाजू घ्यायची हे ठरवायला उपयोग होईल.

आधी एवढंच ध्यानात ठेवा, की बचावाचे गडी अकराच असतात. पुढे क्वार्टरबॅकवर धावून जायला, म्हणजे रश करायला, चार जण पाठवले, तर मागे पास अडवायला सात उरतात. सहा पाठवले तर पाच. तिन्ही बाजू याच अकरा जणांची वेगवेगळी वाटणी सुचवत असतात. काकांना बाराव्या माणसाची गरज वाटते, पण तो प्रयोग त्या सामन्यात ओरेगननेच केला. दहा सेकंद उरलेले असताना त्यांचे बारा जण मैदानात होते. पाच यार्डांचा दंड झाला, पण घड्याळातले चार सेकंद गेले ते गेलेच. त्यांचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांनी नंतर ते ठरवून केल्याचं जवळपास कबूल केलं आणि त्याच आठवड्यात नियमाचा अर्थ बदलावा लागला. असो.

मॅन आणि झोन

मॅन कव्हरेजमध्ये प्रत्येक बचावपटूला एकेक रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, नेमून दिलेला असतो, तो जाईल तिथे जायचं. झोनमध्ये माणूस नाही, जागा राखायची. मॅनचं सर्वांत धाडसी रूप म्हणजे कव्हर झिरो, ज्यात मागे पहारेकरी सेफ्टी एकही नसतो. क्रिकेट बघणाऱ्याला हे लगेच समजतं. सगळे क्षेत्ररक्षक वर्तुळाच्या आत, सीमारेषेवर कुणी नाही. चेंडू एकदा वर्तुळातून निसटला, की मागे फक्त गवत.

त्याचं फळ ओहायो स्टेटने २६ नोव्हेंबर २०२२ला, स्वतःच्या मैदानावर, मिशिगनविरुद्ध चाखलं. बचावाचे प्रशिक्षक जिम नोल्स त्याच वर्षी ओक्लाहोमा स्टेटहून आले होते, आक्रमक ब्लिट्झसाठी, म्हणजे क्वार्टरबॅकवर जास्तीचे गडी धाडण्यासाठी, प्रसिद्ध. त्या सामन्यात मिशिगनचा क्वार्टरबॅक जे. जे. मकार्थी याने २४ पैकी फक्त १२ पास पूर्ण केले. निम्मे फसले. नुसता हा आकडा पाहिला तर बचाव जिंकला असं वाटेल. पण कॉर्नेलियस जॉन्सनला ६९ आणि ७५ यार्डांचे, कोल्स्टन लव्हलंडला ४५ यार्डांचा असे तीन टचडाउन पास (चेंडू थेट शेवटच्या रेषेपार नेणारे) गेले. मकार्थीच्या २६३ यार्डांपैकी १८९ या तीन झेलांत. उरलेल्या नऊ झेलांत मिळून ७४. त्यातल्या ६९ यार्डांच्या वेळी पास आखूडच होता, टॅकल (पाडण्याचा प्रयत्न) हुकला आणि पुढे अडवायला कुणी नव्हतं. मध्यंतराला २०-१७ने पुढे असलेला ओहायो स्टेट ४५-२३ने हरला. महिन्याभराने पीच बोल या मोसमाअखेरच्या लढतीत जॉर्जियाचा क्वार्टरबॅक स्टेट्सन बेनेट याने ३९८ यार्डांचे पास टाकले. ४२-४१, पुन्हा हार.

म्हणून पुढच्या वर्षी संघ सावध झाला. मागे राखण ठेवली, लांबची उडी मारू द्यायची नाही असं ठरवलं. २५ नोव्हेंबर २०२३ला पुन्हा मिशिगन, पुन्हा मकार्थी. या वेळी २० पैकी १६ पास पूर्ण, पण यार्ड फक्त १४८. एकही मोठी आग लागली नाही, फक्त चूल दिवसभर धगधगत राहिली. ओहायो स्टेट ३०-२४ने हरला.

हे दोन सामने शेजारी ठेवले, की पुण्याच्या मित्राचं म्हणणं निम्मं खरं ठरतं. झोन खेळल्याने भयंकर अपघात थांबतात. पण पाचपैकी चार पास पूर्ण होऊ दिले, तर समोरचा संघ चेंडू धरून बसतो, आपल्या आक्रमणाला मैदानात यायची संधीच कमी मिळते, आणि प्रेक्षकाला काही वाईट घडल्यासारखं वाटतही नाही. हरल्यावर कोणता बचाव जास्त बोचतो, असं मला विचारलं तर दुसरा. पहिल्यात निदान कुणाला शिव्या द्यायच्या ते कळतं.

एकच विरोधी, एकच क्वार्टरबॅक

आता खरी मजा. ऑक्टोबरात ओरेगनशी हरलेला ओहायो स्टेट १ जानेवारी २०२५ला रोझ बोलमध्ये त्याच ओरेगनशी पुन्हा भिडला. नव्या बारा संघांच्या प्लेऑफची ती उपांत्यपूर्व फेरी होती. ओरेगन तोवर अपराजित, क्रमांक एक. समोर त्यांचा तोच क्वार्टरबॅक, डिलन गेब्रियल. इतकी स्वच्छ तुलना कॉलेज फुटबॉलमध्ये सहसा हाती लागत नाही.

| | ऑक्टोबर, ऑट्झन स्टेडियम (ओरेगनचं मैदान) | जानेवारी, रोझ बोल |
|---|---|---|
| निकाल | ओरेगन ३२-३१ | ओहायो स्टेट ४१-२१ |
| गेब्रियलचे पास | ३४ पैकी २३ | ४१ पैकी २९ |
| पासचे यार्ड | ३४१ | २९९ |
| दर पासमागे यार्ड | १० | ७.३ |
| पास टचडाउन | २ | २ |
| सॅक (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) | ० | ८ |

वरच्या ओळी वाचून काका पहिल्यांदा हेच म्हणाले, "काय फरक पडला? तेव्हाही दोन टचडाउन, आताही दोन." पासच्या यार्डांतही फारसं अंतर नाही. पूर्ण झालेल्या पासांचं प्रमाण तर जानेवारीत किंचित वाढलंच. हरलेल्या सामन्यानंतर "तीनशे यार्ड दिले!" म्हणून जे कपाळ बडवतात, त्यांना ही ओळ दाखवावी. रोझ बोलमध्ये ओहायो स्टेट एका वेळी ३४-०ने पुढे होता. इतका मागे पडलेला संघ पासच टाकत सुटतो, आणि यार्ड आपोआप साचतात. ते यार्ड उशिरा पोचलेल्या मनीऑर्डरसारखे, तोवर घर लिलावात गेलेलं असतं.

खरा फरक शेवटच्या ओळीत आहे. ऑक्टोबरात गेब्रियल एकदाही सॅक झाला नाही. एकदाही. उलट २७ यार्ड पळून त्याने स्वतः टचडाउन केला. जानेवारीत तो आठ वेळा आडवा झाला, आणि कॉलेजच्या नियमात सॅकचं नुकसान धावांच्या यार्डांत धरतात, म्हणून ओरेगनचे धावून मिळालेले यार्ड उणे २३ निघाले. ओहायो स्टेटच्या कोडी सायमनला, जो लाइनबॅकर म्हणजे पुढच्या फळीमागचा बचावपटू, त्या सामन्याचा सर्वोत्तम बचावपटू ठरवलं गेलं, आणि तो काही कॉर्नर नव्हे.

मधल्या काळात काय केलं? चारऐवजी सहा जण सतत पाठवले असं नाही. तसं केलं असतं तर २०२२ परत आलं असतं. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधी पाच-सहा जण पुढे येऊन उभे राहायचे, स्नॅप झाल्यावर त्यातले दोघे मागे सरकायचे आणि अनपेक्षित कोपऱ्यातून एखादा लाइनबॅकर घुसायचा. धावणारे चारच, पण कुठले चार हे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या समोरच्या लाइनला कळायचं नाही. याला सिम्युलेटेड प्रेशर म्हणतात. मागे सात जण शाबूत राहतात आणि तरी क्वार्टरबॅकचे पाय जागेवर राहत नाहीत. कबड्डीत चढाई करणाऱ्याला साखळी कुठून वळणार याचा अंदाज येऊ द्यायचा नाही, त्याच जातीची ही चाल.

वहिनी जिंकली म्हणायची तर दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, रोझ बोलमध्ये इव्हान स्टुअर्ट दुखापतीमुळे खेळलाच नाही. ज्याने ऑक्टोबरात बचाव फाडला होता, तोच नव्हता. दुसरी, ओहायो स्टेटचा रिसीव्हर जेरेमाया स्मिथ याने १८७ यार्ड आणि दोन टचडाउन घेऊन ओरेगनला सुरुवातीलाच पळायला लावलं. मागे पडलेल्या क्वार्टरबॅकवर धावून जाणं सोपं असतं, कारण तो पासच टाकणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. तेव्हा आठ सॅकचं सगळं श्रेय डावपेचांना देऊ नये. माझ्या मते निम्म्याहून जास्त द्यावं, एवढंच.

आणि काकांचा दहा नंबर

त्यांची बाजू मी शेवटी घेतोय, कारण ती सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत फसवी. कॉर्नर ही बिचारी अशी जागा आहे, की चूक झाली तर कॅमेरा फक्त त्याच्यावर जातो. पुढच्या लाइनमधला गडी दोन सेकंद उशिरा पोचला, हे टीव्हीवर दिसतच नाही. उत्तम कॉर्नरही चांगल्या रिसीव्हरला तीन-साडेतीन सेकंद धरून ठेवू शकतो, त्यानंतर रिसीव्हर सुटतोच, कारण कुठे वळायचं हे त्याला आधी माहीत असतं आणि कॉर्नरला नंतर कळतं. बर्कची ती रात्र खरोखर वाईट होती, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण २० जानेवारीला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ हरवून ज्या संघाने विजेतेपद घेतलं, त्या संघात बर्क होताच.

बदल कधी करावा मग? कॉर्नर एकाच प्रकारे पुन्हा पुन्हा फसत असेल, तेही चेंडू पटकन सुटला असताना, तर काकांचं ऐकावं. नाहीतर नाही.

भाच्याला मी एक साधी युक्ती दिली होती आणि तीच तुम्हालाही देतो. स्नॅप झाला की चेंडूकडे न बघता मनात मोजायचं: एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन. "तीन" म्हणून झालं आणि चेंडू अजून क्वार्टरबॅकच्या हातात असेल, तर पुढच्यांना बोल लावा. "दोन"च्या आत सुटला आणि रिसीव्हर मोकळा उभा होता, तर मागच्यांना, किंवा ज्याने फार मागे उभं राहायला सांगितलं त्याला. दोन-तीन मालिका अशा मोजल्या, की सोफ्यावर कुणाच्या शेजारी बसायचं ते आपोआप ठरतं.

बाकी तुमचा संघ कसा आहे त्यावरही आहे. पुढचे चार जण स्वतःच्या जोरावर पोचत असतील तर मागे झोन खेळायला काहीच हरकत नाही, पुण्याच्या मित्राचा सल्ला तिथे सोन्याचा. ते पोचत नसतील तर झोन म्हणजे नुसती हळू हार. आणि समोरचा क्वार्टरबॅक नवखा, घाबरट असेल तर कव्हर झिरोचा जुगारही अधूनमधून खेळावा. मुरलेल्याविरुद्ध मात्र नाही. गेब्रियलचं कॉलेज फुटबॉलमधलं ते सहावं वर्ष होतं, त्याच्यासमोर मी तो खेळलो नसतो.

भाच्याने माझं तेव्हाचं अर्धवट उत्तरही मनावर घेतलं. वहीत आकडे उतरवले, मोजणी शिकला, आणि ३० नोव्हेंबरला मिशिगनच्या सामन्याला पूर्ण तयारीने काकांच्या सोफ्यावर जाऊन बसला. मिशिगनच्या क्वार्टरबॅकने त्या दिवशी सगळे मिळून ६२ यार्डांचे पास टाकले आणि दोन इंटरसेप्शन दिली, म्हणजे दोन पास आमच्या बचावाच्या हातात टाकले. ओहायो स्टेट १३-१०ने हरला. पास बचावाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "त्या किकरला आधी बाहेर बसवा."