पासिंगच्या नावाखाली

"आवाज बदललाय गाडीचा," असं अण्णा पहिल्याच संध्याकाळी म्हणाले होते. पडवीत खुर्चीवर बसून, गाडी फाटकातून आत येताना नुसतं ऐकून. मी म्हटलं, "अण्णा, नवं काम झालंय, तसं वाटणारच." त्या वेळी त्यांचं ऐकलं असतं तर पुढचे चार महिने आईला मागच्या सीटवर बसवून मी तशी गाडी चालवली नसती. म्हणून पासिंगच्या नावाखाली मी कशी फसले ते सगळं सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्या घरी २०१० च्या आसपासची गाडी आहे, त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा.

आमची वॅगन आर, पेट्रोल. अण्णांनी निवृत्तीच्या पैशातून जून २००९ मध्ये घेतली. आता ते चालवत नाहीत, मी चालवते. आईला आठवड्यातून दोनदा व्यायामोपचाराला न्यायचं, महिन्यातून एकदा गावी, एवढाच वापर. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, मुदत होती १८ जून २०२४. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, एवढं मला माहीत होतं. आमच्याकडे याला सगळे री-पासिंग म्हणतात.

मेच्या शेवटी मी आरटीओत चौकशीला गेले. कार्यालयाच्या आतही पोचले नाही. बाहेर चहाच्या टपरीजवळ एकाने हाक मारली, "ताई, काय काम आहे?" पन्नाशीचा, नीटनेटका, हातात प्लास्टिकची फाइल. त्याने आरसी बघितली आणि चेहरा पाडला. "पंधरा वर्षं झाली? ताई, सरकार या गाड्या आता भंगारात घालतंय. टेस्टला नापास झाली तर गाडी तिथेच जमा. परत मिळत नाही."

ही भीतीच त्याने मला विकली. बाकी सगळं तिच्या मागून आलं. आणि ती भीती पूर्ण खोटी नव्हती, म्हणूनच मी फसले. भंगार धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालं, हे मी ऐकलं होतं. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवणं बंद झालं, हेही खरं. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश झाले, त्या बातम्याही वाचल्या होत्या. त्याने हे सगळं एकत्र कालवून माझ्यासमोर ठेवलं. महाराष्ट्रातल्या खासगी गाडीला यातलं काहीच लागू नव्हतं. तपासणीत गाडी कमी पडली तर दुरुस्त करून पुन्हा आणायला सांगतात, गाडी कोणी ठेवून घेत नाही. हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं.

मग त्याने आकडे मांडले. पाच हजार सरकारी फी, आठ हजार "ग्रीन टॅक्स", साडेपाच हजार "आतला खर्च आणि माझी मेहनत". एकूण साडेअठरा हजार. मुदत उलटली तर दर महिन्याला पाचशे रुपये विलंब लागतो, हेही त्याने बजावलं. फी पाच हजार आहे आणि विलंब पाचशे आहे, हे दोन्ही खरं आहे. मी घरी येऊन तेवढंच मोबाइलवर पडताळलं, जुळलं, आणि माझा विश्वास बसला. ग्रीन टॅक्स, म्हणजे पर्यावरण कर, पेट्रोल कारला पाच वर्षांचा तीन हजार होता. तो मी पाहिलाच नाही. चार आकड्यांतले दोन खरे निघाले की बाकीचे दोन माणूस तपासत नाही, हे मला आता फार जाणवतं.

"पण गाडी अशी नेली तर नापास," तो म्हणाला आणि त्याच्या ओळखीच्या गॅरेजवर घेऊन गेला. आमचे जुने मिस्त्री गावी निघून गेलेत, नाहीतर मी त्यांच्याकडेच गेले असते. या गॅरेजवाल्याने गाडी जॅकवर घेतली, टॉर्च मारला आणि यादी सांगितली: पुढचे ब्रेक पॅड, मागचे ब्रेक लायनर, ब्रेक ऑइल, डावीकडचा लोअर आर्म, टाय रॉड एंड, सायलेन्सरच्या पाइपाचं वेल्डिंग. एकोणीस हजार आठशे. गाडी चार दिवस ठेवा. "बाईमाणसाने उन्हात ट्रॅकवर कशाला थांबायचं, आम्ही नेतो ना परस्पर," असं एजंट म्हणाला. मला त्यात काळजी दिसली.

एकूण अडतीस हजार तीनशे. त्यातले साडेअठरा मी मोबाइलवरून पाठवले, गॅरेजचे रोख दिले. रोख दिल्यामुळे पुढे माझ्या हातात काही उरलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी परत आली. धुतलेली, पॉलिश केलेली. सोबत फाइल: पाच हजारांची ऑनलाइन पावती, पीयूसी (धुराच्या तपासणीचा दाखला), "फिटनेस" लिहिलेला शिक्क्याचा कागद, आणि आरसीच्या झेरॉक्सवर पेनाने लिहिलेली नवी मुदत, १७ जून २०२९, खाली सही-शिक्का. मी पावतीवरचा अर्ज क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहिला. पैसे जमा दिसले. मनातली शेवटची शंका तिथे गेली. त्या पानावर अर्जाची स्थिती काय आहे, ती ओळ मी वाचली नाही.

ऑक्टोबरमध्ये मावशीला पाचगणीहून आणायला गेले. परत येताना पसरणी घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं. मग जळल्याचा वास. मावशी पुढे, आई मागे. मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, दिवे लावले आणि अगदी सावकाश, मागच्यांचे हॉर्न ऐकत वाईपर्यंत उतरले. हँडब्रेक ओढून पाहिला, तोही नीट धरत नव्हता. हे लिहिताना आजही हात थरथरतो.

वाईतल्या एका मेकॅनिकने चारही चाकं उघडली आणि मला जवळ बोलावून दाखवलं. मागचे लायनर झिजून पत्र्याला टेकायला आलेले. पुढचे पॅड जुनेच, पातळ झालेले. ब्रेक ऑइल काळं. ड्रमवर मात्र बाहेरून चंदेरी स्प्रे मारलेला, ताजा. जाळीच्या चाकातून कोणी पाहिलं तर नवं वाटावं म्हणून. लोअर आर्मला ग्रीस फासून पुसला होता, बदलला नव्हता. त्या भल्या माणसाने त्याच दिवशी पॅड, लायनर आणि ऑइल बदलून दिलं, सगळं मिळून चार हजारांच्या आत. जुने सुटे भाग त्याने न मागता कागदात बांधून डिकीत ठेवले.

घरी आल्यावर शेजारच्या दादांना फाइल दाखवली. त्यांची पिवळ्या पाटीची टुरिस्ट गाडी आहे. तसल्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंगला जावं लागतं, त्यामुळे त्यांना हे कागद पाठ आहेत. त्यांनी "फिटनेस"चा कागद उलटसुलट करून पाहिला. "ताई, हा फॉर्म ३८. हा माझ्यासारख्या धंद्याच्या गाडीला मिळतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीला वेगळा फिटनेस देतच नाहीत, तुमची आरसीच वाढते. आणि ती पेनाने लिहून नाही वाढत." मग त्यांनी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर आमचा नंबर टाकला. नोंदणीची मुदत: १८ जून २०२४. संपलेली. पीयूसीची शेवटची नोंद जानेवारीची, मी स्वतः काढलेली. फाइलमधल्या पीयूसीचा क्रमांक कुठेच नव्हता.

म्हणजे पाच हजारांची फी खरोखर भरली होती, पण गाडी तपासणीला गेलीच नव्हती. अर्ज चार महिने तसाच पडून होता. अर्जावर मोबाइल नंबर एजंटने स्वतःचा घातला होता, म्हणून तारखेचा एकही संदेश मला आला नाही. आता कोणी विचारलं तर मी पहिलं हेच सांगते, की अर्जावर कोणाचा नंबर आहे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

विम्याचं पुस्तक माझ्याजवळ होतं, हप्ता भरलेला होता. पण नोंदणी संपलेल्या गाडीला अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, तात्पुरती नोंदणी संपलेल्या एका गाडीच्या प्रकरणात, अशा गाडीचा नुकसानीचा दावा नाकारणं योग्य ठरवलं आहे. घाटात काही झालं असतं तर आम्ही कुठे उभे राहिलो असतो, हा विचार मला त्या रात्री झोपू देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पीयूसी काढायला गेले. आमच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आहे. आकडा आला १.८. केंद्रावरच्या मुलाने सायलेन्सरला कान दिला आणि विचारलं, "ताई, कॅट कोणी काढलं?" कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या पाइपातला डबा. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात आणि भंगारवाले त्याला चांगली किंमत देतात. आमचा काढून तिथे साधा पाइप जोडला होता. बिलावरचं "सायलेन्सर वेल्डिंग" ते हे. पैसे मी दिले आणि माझाच डबा त्यांनी विकला. अण्णांना आवाज बदललेला ऐकू आला होता, तो याचाच. नवा डबा साडेआठ हजारांना बसला, तेव्हा पीयूसी मिळाली.

मग मी स्वतः गेले. दादा सोबत आले, पण आत मीच. खरी तपासणी कशी असते ते नीट सांगते, कारण तिच्याच भीतीपोटी मी एवढी रक्कम घालवली. ऑनलाइन तारीख घेतली. पर्यावरण कराचे तीन हजार भरले, पावती माझ्या नावाने, संदेश माझ्या फोनवर. सकाळी गाडी रांगेत लावली. निरीक्षक साहेबांनी आधी चेसिस नंबर कागदाशी जुळवला, इंजिन नंबर पाहिला. मग मला स्टिअरिंगवर बसवून एकेक करायला सांगितलं: पुढचे दिवे, डिपर, डावा इंडिकेटर, उजवा, ब्रेक लाइट, हॉर्न, वायपर. सीट बेल्ट ओढून पाहिले. टायरची नक्षी पाहिली. थोडं पुढे नेऊन ब्रेक मारायला लावला, हँडब्रेक ओढायला लावला. सगळं मिळून पंधरा मिनिटं. डावा ब्रेक लाइट लागला नाही आणि मागचा एक रिफ्लेक्टर फुटलेला होता. "हे करून आणा," एवढंच. कोणी गाडी जमा केली नाही, कोणी आवाज चढवला नाही. बल्ब आणि रिफ्लेक्टर दीडशे रुपयांत झाले. पुढच्या तारखेला गाडी पास झाली आणि काही आठवड्यांनी नवं स्मार्ट कार्ड पोस्टाने घरी आलं. पेनाने कोणी काही लिहिलं नाही.

सगळे एजंट असे नसतात, हे मी जाणते. दादांचे कागद एक गृहस्थ वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे करतात. पण ते गाडीसोबत मालकाला बोलावतात आणि तारखेचा संदेश दादांच्या फोनवर येतो. गाडी चार दिवस परस्पर ठेवून घेणारा आणि "तुम्ही येऊच नका" म्हणणारा भेटला तर तिथूनच मागे फिरा. गॅरेजमध्ये काढलेला प्रत्येक जुना भाग मागून घ्या, आणि पाच वर्षांची मुदत एमपरिवहनवर स्वतः बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. आता १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नव्या उच्च सुरक्षा नंबरपाट्या (एचएसआरपी) बसवायच्या आहेत. चारचाकीला सरकारने ठरवलेला दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे. त्यासाठीही खोट्या लिंक फिरत आहेत, माझ्या नणंदेला एक आलीच होती.

पोलीस ठाण्यात मी लेखी तक्रार दिली आहे. सोबत बँकेचा उतारा, खोटा पीयूसी, तो शिक्क्याचा कागद आणि वाईच्या मेकॅनिकने बांधून दिलेले लायनरही नेले. हवालदारांनी लायनर हातात घेऊन बराच वेळ पाहिले. एजंटला बोलावल्यावर त्याने "गॅरेजचा माझा संबंध नाही" म्हणून हात वर केले आणि मोबाइलवरून घेतलेल्यांपैकी नऊ हजार परत पाठवले. गॅरेजवाला म्हणतो, पैसे घेतलेच नाहीत. रोखीच्या एकोणीस हजार आठशेंना माझ्याकडे पुरावा नाही, कारण बिल म्हणून त्याने दिलेला कागद साध्या वहीचा होता, त्यावर ना नाव ना सही. तपास चालू आहे, पुढच्या सोमवारी मला पुन्हा बोलावलं आहे. आणखी कोणी याच पद्धतीने फसलं असेल तर त्यांनीही आपापल्या ठाण्यात अर्ज द्यावा, एकट्या माझ्या कागदावर प्रकरण फार पुढे जात नाहीये.