रद्दीवाला घेईल तेच पॅकिंग

बेळगावात गणपत गल्लीपासून खडे बाजारापर्यंत पॅकिंगच्या कुठल्याही दुकानात शिरा, जे तपकिरी दिसेल ते 'इको-फ्रेंडली' आणि म्हणून चार पैसे महाग. ऑनलाइन तर विचारूच नका, हिरव्या पानाचं चित्र छापलं की झालं. मी टिळकवाडीत घरूनच गिफ्ट बॉक्स तयार करते. गोकाकची लाकडी फळं आणि खेळणी, खानापूरच्या मातीच्या पणत्या, करदंट (डिंक आणि सुक्यामेव्याची मिठाई), काजू असा माल. संक्रांतीला वाण, लग्नसराईत रिटर्न गिफ्ट, दिवाळीला उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या ऑर्डरी. बराचसा माल कुरियरनं पुण्या-मुंबईला आणि हुबळी-बंगळूरला जातो.

सामान निवडताना मी एकच बघते. बॉक्स उघडून वस्तू काढून घेतल्यावर जे उरतं ते रद्दीवाला घेईल का? आमच्या गल्लीत येणारे रद्दीवाले मामा या बाबतीत माझे परीक्षक. नवीन काही आणलं की तुकडा त्यांच्यापुढे धरते. "चालतंय की वैनी" म्हणाले तर पास. "ह्ये कोण घेतंय, ठेवा तुमच्याकडंच" म्हणाले तर कंपनीनं कितीही सर्टिफिकेटं छापली असली तरी माझ्यासाठी नापास.

बॉक्समध्ये साधा तीन प्लायचा, म्हणजे तीन थरांचा, कोरुगेटेड (मधला थर नागमोडी असलेला) पुठ्ठा मला सगळ्यात पसंत. वर लॅमिनेशन नाही, आतबाहेर तपकिरी, झाकणावर एकाच रंगात नाव. पणत्या असतील तर पाच प्लाय. मी उद्यमबागेत मापानं करून घेते. तयार मापाचा थोडा स्वस्त पडतो, पण तो घेण्यात अर्थ नाही. बहुतेक खासगी कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० नं भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्याचेच पैसे लावतात. ३० बाय २५ बाय २० चा बॉक्स म्हणजे ३ किलो, आत माल सव्वा किलोचा का असेना. तोच माल २५ बाय २० बाय १५ मध्ये बसवला की दीड किलोवर येतो. पुठ्ठा कमी, आत भरायचं सामान कमी, भाडं निम्मं. पर्यावरणाचं म्हणाल तर याहून मोठा फायदा मला दुसऱ्या कशात दिसला नाही, आणि याच्यावर कुणी हिरवं पान छापत नाही.

पावसाळ्यात मात्र या बॉक्सची परीक्षा असते. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पापडसुद्धा कडक राहत नाही, खानापूर-जांबोटीकडे तर बोलायलाच नको. पुठ्ठा हवेतली ओल पितो आणि त्याची ताकद जाते. वरून कडक दिसणारा बॉक्स चार बॉक्सांच्या खाली ठेवला की कोपऱ्यातून बसतो. म्हणून साठा जमिनीवर नाही, फळीवर, आणि भिंतीपासून हातभर लांब. पावसाळ्यापूर्वी वर्षभराचे बॉक्स भरून ठेवू नका, थोडे दर जास्त लागले तरी लागेल तसे आणा.

'क्राफ्ट गिफ्ट बॉक्स' म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या देखण्या बॉक्सांबद्दल जरा सावध करते. मागवलेल्यांपैकी एका विक्रेत्याच्या बॉक्सचा कोपरा फाडला तर कागद फाटला आणि आतून पातळ चकचकीत पापुद्रा लोंबत राहिला. प्लास्टिकच. फोटो पाठवले तर उत्तर आलं, "मॅम, इट इज पेपर ओन्ली." आता कुठलाही नमुना आला की आधी कोपरा फाडते. धागे धागे होऊन फाटला तर कागद, ताणला गेला तर नाही. झाकणाला पारदर्शक खिडकी असलेले बॉक्सही याच कारणासाठी बंद केले.

टेपमध्ये पाण्यानं चिकटणारी गमची कागदी पट्टी अव्वल. ओला स्पंज फिरवून लावली की पुठ्ठ्यातच मुरते, काढायला गेलात तर बॉक्सचा कागद सोबत येतो, त्यामुळे वाटेत कुणी उघडलं तर लगेच कळतं. मामांनाही टेप सोलत बसावं लागत नाही. आत आडवेउभे धागे घातलेली जाड पट्टी मिळते ती घेऊ नका, ते धागे काचतंतूंचे असतात आणि आपल्या हलक्या बॉक्सांना गरजही नाही. गमच्या पट्टीचा दोष एकच, दमट हवेत रोलच्या कडा आपसात चिकटतात. मी रोल घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते. पाण्याशिवाय चिकटणारी तपकिरी कागदी टेपही आणून बघितली. जुन्या, धुळकट पुठ्ठ्यावर ती धरत नाही, सकाळी लावलेली दुपारी उचकटलेली.

आता आतलं भरण. बबल रॅपऐवजी मी हनीकोंब पेपर वापरते, आणि याला पैकीच्या पैकी. ओढला की जाळी उघडते, पणतीभोवती दोन वेढे दिले की स्वतःलाच धरून बसतो, टेप लागत नाही. फक्त पूर्ण ओढून मगच गुंडाळा. अर्धवट ओढलेला कागद म्हणजे नुसता कागद. रिकाम्या जागेत छापखान्यातली कातरण. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे पांढरी, रंगीत, पोत्यानं पडलेली असते आणि किलोवर मिळते. पॅकिंगच्या दुकानातलं 'कागदी गवत' हेच, चौपट दराचं. त्यातलं चमचमणारं सोनेरी-रुपेरी गवत कागद नव्हे, ती प्लास्टिकची फिल्म असते.

कुणी कुणी भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, सुचवतात. मातीच्या भांड्यांना पूर्वीपासून तेच वापरत आले, टेम्पोनं जवळपास न्यायला आजही त्याला तोड नाही. पण खाण्याच्या पदार्थाशेजारी नको, किडे निघतात आणि ओल धरलं की वास मारतो. वर्तमानपत्रही तसंच: खेळण्यांच्या रंगावर शाई उतरते, आणि खाण्याच्या वस्तू त्यात गुंडाळायला एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या नियमांनी मनाईच आहे.

'कंपोस्टेबल' पिशव्यांवर माझा विश्वास बसत नाही. खऱ्या असतील तर त्यावर आयएस १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असायला हवं, पहिल्यांदा तेच विचारा. पण असलं तरी त्या कुजायला मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातली उष्णता लागते, परसातल्या खड्ड्यात ते जमत नाही. दिसायला प्लास्टिकसारख्याच, त्यामुळे घेणारा प्लास्टिक म्हणून टाकतो. मामांचं मत विचारू नका.

काजू आणि करदंट मात्र मी कारखान्यातून येतात त्या प्लास्टिकच्या पाकिटातच ठेवते. काजू कागदात घातला तर आमच्या हवेत आठवड्यात मऊ पडतो. माल फेकून द्यावा लागला तर त्यात कसलं पर्यावरण आलं?

गिऱ्हाइकांशी वाद होतो तो टोपलीवरच्या चकचकीत कागदावरून. बाजारात त्याला सरसकट जिलेटिन पेपर म्हणतात. खरा सेलोफेन लाकडाच्या लगद्यापासून होतो, पण त्या नावाखाली मिळतो तो बहुधा प्लास्टिकच. कोपरा काडीनं पेटवून बघा: सेलोफेन कागदासारखा जळून राख होतो, प्लास्टिक वितळून थेंब होतो. मिठाईच्या बॉक्सवर प्लास्टिकची फिल्म गुंडाळायला १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हे सांगितलं की निम्मी गिऱ्हाइकं ऐकतात. उरलेल्यांसाठी कापड. शहापूर-वडगाव भागात मागांवरचं उरलेलं कापड मिळतं, त्याच्या चौकोनी तुकड्यात बॉक्स ठेवून चार टोकांची गाठ मारायची. हळदीकुंकवाच्या वाणाला तर पोटलीच शिवून घेते. दर वाढतो, पण पोटली कुणी टाकत नाही, पुढच्या वर्षी त्यात खडीसाखर नाहीतर सुपारी घालून दुसऱ्याला दिलेली मी पाहिली आहे.

दिवाळीसाठी करायचं असेल तर बॉक्सची ऑर्डर गणपतीच्या आधीच द्या. नवरात्रापासून बॉक्सवाले मिठाईवाल्यांच्या कामात बुडालेले असतात, लहान ऑर्डरीला कुणी उभं करत नाही. आणि कुंद्याबद्दल, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईबद्दल, विचारणाऱ्यांना: तो मी कुरियरनं पाठवत नाही, कुठल्याच पॅकिंगमध्ये. कुणी गाडीनं थेट नेणार असेल तर त्याच सकाळी आणून हातात देते, पिशवी घरून आणा.