वस्तीचं बरं चाललंय का? मोजायला कोणती पट्टी घ्यावी

बैठकीत कुणीतरी म्हणतं, "आपल्या लोकांचं खरंच कसं चाललंय ते एकदा मोजू या." सगळ्यांना पटतं. आठवड्याभरात पन्नास प्रश्नांचा फॉर्म तयार होतो, कारण प्रत्येकाला आपापले दोन प्रश्न त्यात हवेच असतात. महिन्याभराने अर्धवट भरलेल्या कागदांचा गठ्ठा कपाटात जातो. अशा दोन गठ्ठ्यांना माझाही हातभार लागला आहे. तेव्हा तुम्ही फॉर्म छापायच्या आधी बाजारात कोणत्या तयार पट्ट्या आहेत आणि कुठली कशाला चालते, ते पाहून घ्या. नवी पट्टी बनवायला जाऊ नका, एवढं मात्र आताच सांगतो.

मोजायच्या गोष्टी मुळात तीन आहेत, आणि त्या एकत्र हलत नाहीत. माणूस एकूण आयुष्याकडे पाहून काय म्हणतो, ही एक. रोजचे दिवस कसे जातात, ही दुसरी. तब्येत ही तिसरी. तान्हं बाळ घरात असलेली आई आयुष्यावर खूश आणि रात्रीच्या जागरणाने पार पिचलेली असू शकते. या तिन्हींपैकी कशासाठी तुम्ही पुढे काही करू शकणार आहात, त्यावर निवड ठरते.

शिडी की चार प्रश्न?

सगळ्यात प्रसिद्ध पट्टी म्हणजे हॅडली कँट्रिल यांची १९६५ सालची शिडी. खाली ०, वर १०. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुमच्या मते तुम्हाला लाभू शकणारं उत्तम आयुष्य, खालची म्हणजे वाईटात वाईट. आज तुम्ही कुठे उभे आहात? गॅलप या जनमत-पाहणी संस्थेची जागतिक पाहणी हाच प्रश्न विचारते, आणि २०१२ पासून निघणाऱ्या जागतिक आनंद अहवालातली देशांची क्रमवारी याच उत्तरांवर बेतलेली असते. एकच प्रश्न, चित्र काढून दाखवता येतो, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळतो.

पण शिडी म्हटली की वर कोण आणि खाली कोण हे आलंच. डॅनिएल कानेमान आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या उत्तरांचा अभ्यास केला. त्यात उत्पन्न वाढेल तशी शिडीवरची पायरी चढत जाते, रोजच्या भावना मात्र तितक्या पैशामागे धावत नाहीत, असं दिसलं. म्हणजे शिडी विचारली की लोक बऱ्याच अंशी आपली ऐपत सांगतात. एका आजींना मी तो शिडीचा कागद दाखवला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "माझं आता उतरायचं वय आहे रे." मग बोट ठेवलं ते सहा आणि सातच्या मधल्या मोकळ्या जागेवर. फॉर्ममध्ये मोकळ्या जागेला चौकट नव्हती.

ब्रिटनचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय २०११ पासून शिडीऐवजी चार साधे प्रश्न विचारतं, तेही ० ते १० वर: एकूणात आयुष्याबद्दल किती समाधानी आहात, करता त्या गोष्टी किती सार्थ वाटतात, काल किती आनंदी होतात, काल किती चिंतेत होतात. माझा कौल या चौघांना. आयुष्य आणि दिवस, दोन्ही पकडीत येतात आणि दोन मिनिटांत काम होतं.

सापळे दोन. चौथा प्रश्न उलटा आहे, त्यात जास्त आकडा म्हणजे जास्त त्रास. त्यामुळे चारही उत्तरांची बेरीज करून एक "सुखांक" काढला की सगळंच फुकट. आणि "काल" हा शब्द मुद्दाम आहे, कारण माणसाला कालचं बऱ्यापैकी आठवतं, महिन्याभराचं आठवत नाही. पण कार्यकर्ते मोकळे असतात रविवारी. सगळे फॉर्म रविवारी भरून घेतलेत तर तुम्ही फक्त शनिवार मोजलात.

एड डीनर आणि सहकाऱ्यांची १९८५ ची जीवनसमाधानाची पट्टीही खूप वापरली जाते. पाच विधानं, प्रत्येकाला १ ते ७, एकूण ५ ते ३५. एकेका माणसाच्या अभ्यासाला ती उत्तम. वस्तीच्या कामाला मी ती घेणार नाही. शेवटचं विधान साधारण असं आहे की आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर मी जवळजवळ काहीच बदलणार नाही. साठी ओलांडलेली माणसं तिथे थबकतात, आणि थबकावंच. पण तुमच्या वर्षभराच्या उपक्रमाने ते उत्तर कसं हलणार?

मनाची तब्येत: पाच विधानं की चौदा?

जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची सूची १९९८ पासून वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं, शांत आणि निवांत वाटलं, अंगात उत्साह होता, सकाळी ताजंतवानं उठलो, दिवसभरात मन रमेल असं काही होतं. प्रत्येकाला "अजिबात नाही" पासून "सतत" पर्यंत ० ते ५ गुण. बेरीज २५ पर्यंत जाते, तिला चारने गुणलं की शंभरपैकी गुण. पाचही विधानं चांगल्या बाजूची आहेत, आजाराचं नावसुद्धा नाही, म्हणून लोक बिचकत नाहीत.

तरीही ५० किंवा त्याखाली गुण आले तर नैराश्याची नीट तपासणी करून घ्यावी, असा संकेत मानला जातो. इथे निवडीचा खरा प्रश्न येतो. तुमच्या हातात असे वीस कागद आले तर? फॉर्म निनावी असतील तर कोणाकडे जाणार? नावासकट असतील तर लोक खरं लिहितील का? पाठवायला जवळ समुपदेशक किंवा दवाखाना ठरलेला नसेल तर ही सूची हातात घेऊ नका. निदान प्रत्येक फॉर्मसोबत मदत कुठे मिळते ते सांगणारी चिठ्ठी तरी द्या, सगळ्यांना, म्हणजे कोणी वेगळं पडणार नाही.

दुसरी पट्टी वॉरिक आणि एडिंबरा या दोन विद्यापीठांनी मिळून केलेली. चौदा विधानं, १४ ते ७० गुण; सात विधानांची छोटी आवृत्तीही आहे. तिच्यात "हा आजारी, हा बरा" अशी रेघ नाही, ती मनाचं बळ मोजते: स्वतःबद्दल बरं वाटतं का, इतरांशी जवळीक वाटते का, नीट विचार करता येतो का. व्यायामाचा गट, वाचनालय, ज्येष्ठांचा कट्टा अशा एखाद्या उपक्रमाच्या आधी आणि नंतर मोजायचं असेल तर ही चांगली. मात्र वापरण्यापूर्वी रीतसर परवाना घ्यावा लागतो.

शरीराची तब्येत

"एकूणात तुमची तब्येत कशी आहे?" उत्तम, चांगली, बरी, वाईट, फार वाईट. हा प्रश्न इतका साधा आहे की समितीला तो लाजिरवाणा वाटतो. पण एलन आयडलर आणि याएल बेन्यामिनी यांनी १९९७ मध्ये २७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा जवळजवळ सगळ्यांत हेच निघालं: माहीत असलेले आजार हिशोबात धरल्यावरही, तब्येत वाईट म्हणणारे लोक पुढच्या काळात मृत्यू पावण्याची शक्यता जास्त होती. माणसाला स्वतःच्या शरीराचं काहीतरी कळतं, जे तपासण्यांच्या यादीत नसतं.

पाच आयामांचं युरोपीय मोजमाप डॉक्टर मंडळी सुचवतील: हालचाल, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, दुखणं, चिंता. प्रत्येक आयामाला पाच पातळ्या असलेल्या आवृत्तीत उत्तरांच्या ३१२५ वेगवेगळ्या जुळण्या होतात. ते उपचारांची तुलना करायला घडलेलं आहे. धडधाकट वस्तीत बहुतेक जण पाचही ठिकाणी "काही त्रास नाही" लिहितात आणि तुमच्या हाती काही लागत नाही. ३६ प्रश्नांची आरोग्य-पाहणी वस्तीसाठी फारच लांब. त्यापेक्षा जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनमानाच्या प्रश्नावलीची २६ प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती कामाची, कारण तिच्या चार भागांतला एक परिसराबद्दल आहे: सुरक्षितता, घर, पैसा, वाहतूक, आरोग्यसेवा. समितीला हात घालता येतो तो याच गोष्टींना.

आणि माणसं सांगतात ते तेवढंच धरू नका. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं होतं की केरळमध्ये आयुर्मान जास्त असूनही लोक आजारपण बिहारपेक्षा खूप जास्त सांगतात. शिक्षण आणि दवाखाने असले की आजार ओळखता येतो, नसले की तो नशिबाचा भाग वाटतो. म्हणून दोन वस्त्यांच्या "तब्येत चांगली" च्या टक्केवाऱ्या शेजारी ठेवताना हात आखडता घ्या. लसीकरण, दवाखान्यापर्यंतचं अंतर, पडून झालेल्या दुखापती असं मोजून घेता येणारं काहीतरी सोबत हवं.

मोठे निर्देशांक

भूतानचं सकल राष्ट्रीय आनंद मोजमाप सगळ्यांना मोहात पाडतं. नऊ क्षेत्रं, ३३ निर्देशक. वेळेचा वापर, संस्कृती, निसर्ग, सामुदायिक जीवन, सगळं त्यात. २०१० च्या पाहणीत सात हजारांवर लोक होते. एका देशाचं यंत्रणेनिशी केलेलं काम आहे ते, आठ कार्यकर्त्यांच्या आवाक्यातलं नाही. त्यातून घ्यायचं तर सामुदायिक जीवन आणि वेळ यांबद्दलचे दोन-तीन प्रश्न घ्या.

स्थानिक पातळीवरचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतलं सॉमरव्हिल पाहा. त्या शहराने २०११ मध्ये वार्षिक जनगणनेच्या कागदासोबतच आनंदाची छोटी प्रश्नावली घरोघरी पाठवली. त्यात शहर दिसायला कसं वाटतं, हेही विचारलं होतं. वेगळी मोहीम नाही, आधीच जाणाऱ्या पाकिटात आणखी एक कागद.

पट्टी बरोबर, माप चुकीचं

कोणतीही पट्टी घेतलीत तरी खरी नासाडी इथे होते.

प्रश्नांचा क्रम. गॅलपच्या अमेरिकन पाहणीत शिडीच्या आधी राजकारणाचे प्रश्न विचारले गेले तेव्हा सरासरी सुमारे ०.६ पायरीने घसरली, असं डीटन यांनी दाखवलं. तेव्हा पाणी, कचरा, पार्किंग हे सगळं नंतर. आयुष्याचा प्रश्न अगदी पहिला.

कोण विचारतं आणि कोण ऐकतंय. समोर माणूस बसलेला असला की लोक आकडा वाढवून सांगतात. एका घरी एकीने मोठ्याने "दहा" म्हटलं, आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मी चपला घालत असताना ती दारापर्यंत आली, कागद मागून घेतला, दहा खोडून काही तरी लिहिलं आणि घडी करून परत दिला. तेव्हापासून फॉर्म आणि पेन हातात देऊन आम्ही पाठ करून उभे राहतो.

भाषा. मराठीत समाधान असतं, तसंच ते "मानून"ही घेता येतं. "आयुष्याबद्दल समाधानी आहात का?" या प्रश्नात काही जणांना "तक्रारखोर आहात का?" असं ऐकू येतं, मग उत्तर आठाच्या खाली येत नाही. सुख म्हटलं की सोयी आठवतात, आनंद म्हटलं की सण. छापण्याआधी पाच जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि त्यांना काय कळलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा.

आकड्यांची ताकद. यादृच्छिक निवडलेल्या १०० जणांत "६० टक्के" आले तर खरं प्रमाण ५० ते ७० मध्ये कुठेही असू शकतं. ४०० जण घेतले तर फरक पाच टक्क्यांच्या आसपास येतो. ० ते १० च्या प्रश्नात शंभरेक जणांची सरासरी साधारण ०.४ ने इकडेतिकडे होऊ शकते. म्हणजे एका गल्लीचे ६.८ आणि दुसरीचे ७.१ यावरून भांडू नका. आणि जे सभेला येतात त्यांच्याकडूनच फॉर्म भरून घेतलेत तर चारशे काय, चार हजारही कमीच. सरासरीपेक्षा ० ते ४ लिहिणारे किती, ते आधी पाहा. तुमचं काम त्यांच्याकडे आहे.

मग घ्यायचं काय?

एकदाच, थोडक्यात, वस्तीची कल्पना हवी असेल तर ब्रिटनचे चार प्रश्न, तब्येतीचा एक, आणि शेवटी एक मोकळा प्रश्न: इथे राहताना एक गोष्ट बदलता आली तर कोणती? एका पानात बसतं. दवाखान्याशी जोडलेलं काम असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची सूची. ठरावीक उपक्रमाचा परिणाम पाहायचा असेल तर वॉरिक-एडिंबराची सात विधानांची पट्टी, आधी आणि नंतर, त्याच माणसांना. जागतिक आकड्यांशी तुलना करायचीच असेल तर शिडी. २६ प्रश्न तेव्हाच, जेव्हा भरून घ्यायला प्रशिक्षित माणसं आणि प्रत्येक घरी पुरेसा वेळ आहे.

दुसऱ्या वर्षी बैठकीत कुणीतरी म्हणेल, "हा प्रश्न जरा नीट करू या." करू देऊ नका. आमच्या पहिल्या फॉर्मात "सार्थ" च्या जागी "स्वार्थ" छापलं गेलं होतं. ती एक चूक दुरुस्त केली, आणि त्या प्रश्नाचा पहिल्या वर्षीचा रकाना आजही कोरा ठेवला आहे.