हायवेवरच्या ‘गॅस शॉकअप’वाल्यांपासून सावध राहा

पुणे-सातारा रस्त्यावर काम चालू असलं की गाड्या रखडतात, आणि शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) गेलेत सांगून फसवणाऱ्या या लोकांना नेमकी तीच जागा सोयीची पडते. शिरवळच्या पुढे आम्ही असेच अडकलो होतो. शेजारून आलेल्या मोटरसायकलवरच्या मागच्या माणसाने काचेवर टकटक केली. “दादा, मागच्या चाकातून ऑइल उडतंय, साइडला घ्या.”

उतरून बघितलं तर रिम आणि टायर खरोखरच तेलाने ओले. त्याने डिकीवर दोन्ही हात टेकवले आणि गाडी खालीवर करायला लागला. “बघा कशी डोलतेय. शॉकअप गेलेत. घाटात भरवसा नाही.” मागे आई बसली होती, पाठीला उशी लावून. ते त्याने बरोबर हेरलं. “मावशी, पाठ दुखते ना? हे तेलाचे शॉकअप आहेत. गॅसचे टाका, सोफ्यावर बसल्यासारखं वाटेल.”

‘ओळखीचं गॅरेज’ अर्थातच जवळ निघालं. पत्र्याची शेड, बाहेर टायरांचा ढीग. चार गॅस शॉकअप, ‘जर्मन टेक्नॉलॉजी, नवीनच आलंय’, सोळा हजारांपासून सुरुवात आणि घासाघीस करून अकरा. (नवीन कसलं! बिलस्टाईनचे गॅसचे शॉकअप मर्सिडीजच्या गाड्यांना १९५७ पासून लागत आहेत.) आम्हाला चहाच्या टपरीवर पाठवलं. परतलो तेव्हा टायरमध्ये भरायच्या नायट्रोजनची नळी गाडीखाली धरून ‘गॅस चार्ज’ चालला होता. सहा महिन्यांनी परत गॅस भरायला या, असंही सांगितलं. पैसे यूपीआयने घेतले, पावती दिली नाही.

हायवेवर गाडी जरा घट्ट वाटली. आईही म्हणाली, बरं वाटतंय. वाईच्या आतल्या गावांकडचा उखडलेला रस्ता लागला तसं मागचं धूड उड्या मारायला लागलं. एका खड्ड्याचा हेलकावा संपायच्या आत दुसरा. मग थांबून पाणी प्यायलो, निघालो, तर गाडी पुन्हा शहाणी. थोड्या वेळाने परत तेच. पुण्याच्या आमच्या मिस्त्रींना हे सांगितल्यावर गाडी जॅकवर चढवायच्या आधीच ते म्हणाले, “आत फेस होतोय.”

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. स्प्रिंगचं नाचणं थांबवायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं, त्यात पिस्टन वरखाली सरकतो आणि बारीक वाटांमधून तेल ढकलताना नाचण्याची ताकद उष्णतेत जिरते. साध्या शॉकअपमध्ये बाहेरच्या नळीत तेलावर हवा असते. खराब रस्त्यावर पिस्टन भराभर हलला की तेल आणि हवा घुसळून फेस होतो. तेल दबत नाही, फेस दबतो, म्हणून पिस्टनला अडवणारं काही उरत नाही. गाडी उभी केली की फेस बसतो आणि सगळं ठीक वाटतं. खऱ्या गॅस शॉकअपमध्ये हवेच्या जागी नायट्रोजन असतो, नेहमीच्या दुहेरी नळीच्या प्रकारात टायरमधल्या हवेच्या तिप्पट-चौपट दाबाने. दाबाखाली बुडबुडे सहजी तयार होत नाहीत. नायट्रोजन कोरडा असतो, त्यात ऑक्सिजन नसतो, त्यामुळे तेलही लवकर खराब होत नाही. म्हणजे तेल दोन्हींत असतंच. ‘तेलाचे काढून गॅसचे टाका’ या वाक्यातच गोम आहे. आणि गॅसमुळे गाडी मऊ होत नाही, उलट किंचित कडक लागते. सुख मिळतं ते वेगळं: लांबच्या खराब रस्त्यावरही शॉकअप शेवटपर्यंत एकसारखं काम करतो.

गाडी वर घेतल्यावर बाकीचं उघडं पडलं. पुढचे शॉकअप बदललेच नव्हते, पुसून वर काळा स्प्रे मारला होता. ब्रेकच्या रबरी नळीवरही रंगाचे शिंतोडे होते. पुढचे बदलायचे तर स्प्रिंग दाबून धरून अख्खा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र जोड) सोडवावा लागतो, ते एका चहात होत नाही. मागचे दोन मात्र बदललेले, पण जुनेच. बुडाशी भोक पाडून, जाड तेल भरून वेल्डिंगने बुजवलेले. मिस्त्रींनी एक काढून दांडा आत दाबला. तो तिथेच बसून राहिला. मग बसवायला आणलेल्या खऱ्या गॅस शॉकअपच्या नव्या जोडीतला एक घेतला. त्याचा दांडा आत दाबून पट्टीने बांधलेला होता. पट्टी कापताच तो सावकाश आपोआप बाहेर आला. आत गॅस आहे की नाही ते दुकानातच कळतं, एवढं सोपं आहे हे.

बाहेरून गॅस भरायला गाड्यांच्या साध्या शॉकअपला व्हॉल्व्हच नसतो, तो कारखान्यातूनच बंद होऊन येतो. पल्सर मोटरसायकलच्या मागच्या ‘नायट्रॉक्स’ शॉकअपचे डबे आपण सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे गॅस ही मधूनमधून भरायची गोष्ट असावी असं वाटतं.

टायरवरच्या तेलाचंही उत्तर मिळालं. शॉकअप चाकाच्या आतल्या बाजूला असतो. गळला तर त्याच्याच अंगावर तेल ओघळतं आणि त्यावर धुळीचा चिकट थर बसतो. आमच्या रिमच्या बाहेरच्या तोंडावर ताजं, चकचकीत तेल होतं, म्हणजे रखडलेल्या ट्रॅफिकमध्ये बाटलीतून उडवलेलं. गाडी डोलण्याचं म्हणाल तर, डिकी एकदा दाबून सोडायची असते. वर येऊन थांबली की शॉकअप चांगला. तो माणूस सोडतच नव्हता, लयीत दाबत होता.

“तुमचे जुने कुठायत?” मिस्त्रींनी विचारलं. भंगारात टाकतो म्हणून गॅरेजवाल्याने ठेवून घेतले होते. गाडीच्या माहितीपत्रकात शॉकअपपुढे ‘गॅस टाइप’ असं छापलेलं आहे. चांगले चालणारे गॅसचे शॉकअप काढून त्याने मला तेलाचे विकले, आणि माझे कुठल्या तरी दुसऱ्या गाडीला लागले असणार. काढलेला भाग हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

पोलिसांनी अर्ज घेतला आहे. यूपीआयवर नाव एका मोबाइल दुकानाचं दिसतं. राष्ट्रीय महामार्गावर कोणी असं थांबवलं तर उतरू नका, काच खाली करू नका. पुढचा पेट्रोल पंप किंवा टोलनाका गाठून तिथे बघा. महामार्गाची मदत १०३३ वर मिळते, पोलीस ११२ वर, ग्राहक तक्रारीसाठी १९१५.